कडेची उडी

तोमाला चोर सापडत नव्हता.

सकाळपासून ती त्या लांबलचक टेबलावर वाकून होती. नारिंगी-पांढऱ्या कापडाचा एकेक पदर उलटून बघत होती, एकेक दोरी बोटांतून ओढत होती, आणि घाम टिपायलाही तिचा हात मोकळा नव्हता. शेजारच्या टेबलांवर काम करणाऱ्या बायका अधूनमधून माना वर करत आणि गालातल्या गालात हसत. हसायचा हक्क त्यांना होता, कारण या चोराने त्यांच्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी रडवलं होतं.

चोर म्हणजे कापितोलिना येगोरोव्हनाची शिकवणी. व्होल्गाच्या डाव्या तीरावर, विमानतळाच्या मागे एक बसकी इमारत होती. अंतराळातून परतणारी माणसं यानातून उडी घेऊन ज्या पॅराशूटांनी उतरायची, त्यांची घडी तिथे व्हायची. आतल्या बायका पॅराशूट म्हणत नसत, छत्री म्हणत. प्रत्येक माणसाला दोन छत्र्या, एक मोठी आणि एक राखीव. कापितोलिना, म्हणजे सगळ्यांची कापा मावशी, राखीव छत्र्यांच्या टेबलाची मुख्य. युद्धात तिने हवाई तुकडीसाठी छत्र्या बांधल्या होत्या. तिचं म्हणणं असं, की हे काम स्वतः चुका करून शिकता येत नाही, म्हणून दुसऱ्याची चूक पकडून शिकायचं.

त्यासाठी ती एका जुन्या, चाचणीत वापरून झालेल्या छत्रीत मुद्दाम चूक घालून ठेवायची. एक दोरी घुमटावरून पलीकडे टाकायची आणि त्या दोरीला लाल धागा बांधायची. अशी छत्री हवेत उघडली तर घुमट मधोमध आवळला जातो, त्याचे दोन फुगे होतात आणि खाली लटकलेला माणूस गरगरत जमिनीवर आदळतो. गाठोडं बाहेरून मात्र एकदम सोज्वळ दिसायचं. नव्या बाईने दुसऱ्या दिवशी ते उघडायचं आणि न विस्कटता आतला चोर पकडायचा. पकडला की तिला त्या टेबलावर काम करायची मुभा, नाही पकडला तर आणखी महिनाभर झाडू.

"कापा मावशी," तोमा शेवटी सरळ उभी राहिली. "यात चोर नाहीच."

कापा खिडकीपाशी चहा पीत होती. साखरेचा खडा दातांत धरून ती हसली. "नाही कसा? पायांनी चालत गेला का?"

"नाही म्हणजे नाही. दोनदा बघितलं."

"तिसऱ्यांदा बघ. चोर काय हात वर करून उभा राहणार आहे?"

"मावशी, मी गिरणीत बारा ताग्यांत एक तुटका धागा शोधायचे," तोमाला आता राग यायला लागला होता. "यात काही नाहीये. इतकी सुंदर घडी मी अजून इथे बघितली नाही. हवं तर द्या माझ्या हातात झाडू, पण खोटं कशाला बोलू?"

कापा कप ठेवून उठली. जाता जाता तिने तोमाच्या पाठीत एक धपका घातला आणि कापडावर हात ठेवला. हात ठेवताक्षणी तिला कळलं. कापड कोरं होतं, बोटाखाली कुरकुरत होतं. जुन्या छत्रीचं कापड धुऊन धुऊन मऊ पडलेलं असायचं. तिने पदर उचलला, दुसरा उचलला, कडेला बोटभर दुमड होती. ही दुमड ती फक्त खऱ्या छत्र्यांना घालायची.

ही चोराची छत्री नव्हती. ही चांगली छत्री होती, जी काल गाडीतून जायला हवी होती.

"तोमा," कापा हळूच म्हणाली, "काल शिपाई आला तेव्हा तू त्याला काय दिलंस?"

"तुम्ही सांगितलं ते."

"मी काय सांगितलं?"

"शिवणखोलीतून ओरडलात ना, 'कडेची दे' म्हणून. टेबलाच्या कडेला होती ती दिली."

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उडणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या लोकांत 'शेवटचा' हा शब्द नाही. शब्दकोशात असेल, त्यांच्या तोंडात नाही. शेवटची उडी, शेवटचं विमान, शेवटचा घोट, असलं काही नसतं. असतं ते कडेचं. दुकानाच्या रांगेत जाऊन उभं राहायचं असलं तरी ते 'कडेचं कोण?' असंच विचारतात. शिकलेसवरलेले इंजिनीयर याला हसतात आणि विमानात पाय ठेवला की तेही मुकाट्याने कडेचं म्हणायला लागतात.

कापा देवळात जात नव्हती, पत्ते बघून भविष्य सांगणाऱ्या म्हातारीला तिने दारातून हाकललं होतं, पण हा शब्द ती पाळायची. त्याला कारण होतं. तिचा नवरा स्तेपान युद्धात हवाई तुकडीत होता. एका रात्री विमानात चढताना तो मित्रांना म्हणाला, "ही शेवटची, मग घरी जाऊन कापाच्या हातची आंबवलेली कोबी खाणार." तो परत आला नाही. तेव्हापासून कापाने तो शब्द उच्चारला नव्हता. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यालासुद्धा नाही.

तोमा नुकतीच उत्तरेकडच्या कापडगिरणीतून आली होती. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी तिने विचारलं, "शेवटचं बिस्कीट कोणी घेणार का?" आणि ग्लाफिरा नावाच्या बाईने तिच्या हातावर चमचा हाणला. तो शब्द इथे नाही, एवढं तिला कळलं. त्याच्या जागी काय म्हणायचं हे मात्र तिला कोणीच सांगितलं नाही. सांगणार कोण? बाकीच्यांच्या लेखी कडेचा हा बदली शब्द नव्हताच, तोच खरा शब्द होता.

काल शिपाई दारात आला तेव्हा खाली गाडी घरघरत होती, आणि कापा शिवणखोलीत मशीनवर होती. आदल्या तासात जी घडी बांधून झाली ती दे, म्हणजे शेवटची दे, एवढंच तिला म्हणायचं होतं. ती चांगली छत्री टेबलाच्या मधोमध होती. कडेला होती ती चोराची. तोमाने ती उचलून दिली, कोठीवाल्याने दारातच शिशाचा शिक्का ठोकला, आणि आतल्या पट्टीवरचा नंबर उचलून बघायला कोणाला फुरसत नव्हती. कागद बरोबरचे गेले आणि गाठोडं चुकीचं.

तोमाच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, ती कुठे गेली असेल?"

"तिकडे," कापा म्हणाली.

तिकडे म्हणजे दक्षिणेला, वाळवंटात, जिथून माणसं वर पाठवत. त्या जागेचं नाव कोणी घेत नसे. कोण माणूस वर जाणार, कधी जाणार, हेही या बायकांना कोणी सांगत नसे. पण काल गाडी इतकी घाईत होती, म्हणजे माणूस वर जायला फार दिवस उरले नव्हते हे उघड होतं. टेबलांवरचं हसणं थांबलं होतं. ग्लाफिराने स्वतःहून तोमाला स्टूल दिलं, आणि तोमा त्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"रडायला वेळ आहे," कापा तिच्यावर खेकसली. "आधी ही छत्री झाक. आणि कोणी विचारलं तर चोर माझा होता आणि शब्दही माझा होता. तू फक्त ऐकलंस."

तिने एप्रन काढला, परत घातला, आणि तशीच निघाली.

विभागप्रमुख वेनिआमिन प्रोखोरोविच हा काही वाईट माणूस नव्हता. फक्त भित्रा होता, आणि भीतीने त्याचं पोट कायम बिघडलेलं असायचं. कापा आत गेली तेव्हा तो सोड्याचं पाणी पीत होता. तिने सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्याने पेला टेबलावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"बसा, कापितोलिना येगोरोव्हना."

"बसायला नाही आले."

"हे बघा, ती राखीव आहे. राखीव! मोठी छत्री उघडतेच. राखीव वापरायची वेळ येत नाही कधी."

"मग राखीव द्यायची कशाला? त्या जागी त्याला एक कलिंगड बांधून द्या. निदान उतरल्यावर खाईल तरी."

"तारेने कळवतो मी. मॉस्कोमार्गे."

"कधी पोचणार?"

"परवानगी मिळाली की."

"आणि तो माणूस परवानगी येईपर्यंत वर लटकून थांबणार आहे का?" कापाने टेलिफोनवर हात ठेवला. "लावा. तिकडच्या छत्र्यांच्या खोलीत बुर्मिस्त्रोव आहे. कॅप्टन बुर्मिस्त्रोव. तो मला ओळखतो."

"उघड्या लाइनीवर? बाई, तुरुंगात जाऊ आपण!"

"तुम्ही नका येऊ. मी जाईन."

वेनिआमिन प्रोखोरोविचने खिडकीबाहेर बघितलं, दाराकडे बघितलं. त्याला तिथून पळून जायचं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण टेलिफोनवरचा तो रुंद हात हलत नव्हता. शेवटी त्याने रिसीव्हर उचलला आणि मधल्या कचेऱ्यांना एकामागून एक आर्जवं करत लाइन मागितली. मग दुसऱ्या हाताचं एक बोट टेलिफोनच्या लाइन तोडायच्या खटक्यावर टेकवून ठेवलं.

"एक शब्द वावगा आला तर मी बोट दाबणार. छत्री म्हणायचं नाही. राखीव म्हणायचं नाही. बिघाड नाही, नंबर नाही, जागा नाही, माणसाचं नाव नाही."

"नाव माहीत कोणाला आहे? मग बोलू काय, हवापाण्याबद्दल?"

"हवापाण्याबद्दलही नको. तेही गुप्त आहे."

लाइन लागायला जितका वेळ गेला त्यात कापा खोलीत चारी कोपरे फिरून आली. खुर्चीला हात लावला, कपाटाला लावला, लाकूड दिसेल तिथे बोटाने टकटक केलं. मनात मधूनच तो उंच पोरगा येत होता. वर जाणाऱ्यांपैकी काहीजण वसंतात घडी शिकायला आले होते, त्यातला एक इतका ताडमाड की टेबलाखाली त्याचे गुडघे मावत नव्हते. अर्सेनी. तिच्या डब्यातली खारवलेली काकडी न विचारता खायचा. एकदा म्हणाला, "मावशी, मी तो शब्द मोठ्याने म्हटला तर काय होईल?" आणि तिने कापडाला लावायच्या पावडरीने माखलेला तळवा थेट त्याच्या तोंडावर दाबला होता. मिशीभर पावडर घेऊन तो दिवसभर हिंडला. तोच असेल का? का दुसरा कोणी? कोणीही असला तरी कोणाचा तरी अर्सेनीच.

लाइन लागताच कापाने रिसीव्हर हिसकावून आपलं नाव सांगितलं. "कोण?" रिसीव्हरमधून खरखर आली. "कापा? अगं जिवंत आहेस होय!"

"बुर्मिस्त्रोव, ऐक. काल आमच्याकडून जे आलं ना..."

"काय आलं?"

वेनिआमिन प्रोखोरोविचने जोरजोरात मान हलवली.

"कोबी," कापा म्हणाली. "आंबवलेली कोबी. ती नासली आहे. कोणाला खायला देऊ नकोस. परत पाठव."

"कोबी? आम्हाला कुठे मिळाली कोबी!" बुर्मिस्त्रोव हसायला लागला. "वाटेत शिपायांनी हाणली असेल. नासली असेल तर बरंच झालं, बसतील पोट धरून."

"अरे गाढवा, कोबी नाही! म्हणजे कोबीच. काल जी विमानाने आली, गाठोड्यात बांधलेली..."

बोट खाली जायला लागलं. कापाने त्या बोटावर आपला हात आपटला.

"काही ऐकू येत नाही," बुर्मिस्त्रोव ओरडत होता. "इथे लग्नघरासारखी धावपळ आहे, कापा. सगळं जागच्या जागी बांधून झालंय, माणूस उद्या... बरं, ते जाऊ दे. नंतर फोन कर. कोबी दुसरी पाठव!"

"वेळ संपली," मधली टेलिफोनवाली बाई म्हणाली. "लाइन सोडा."

कापाला समोर फक्त ते बोट दिसत होतं. काय म्हणायचं नाही याची मोठी यादी होती, आणि काय म्हणायचं याचं काही नव्हतं. तिने डोळे मिटले. मग ती इतक्या वर्षांनी, स्पष्ट आवाजात, तुटक तुटक म्हणाली:

"बुर्मिस्त्रोव. त्या माणसाला सांग, ही त्याची शेवटची उडी."

वेनिआमिन प्रोखोरोविचचा चेहरा पांढरा पडला, पण बोट त्याने दाबलं नाही. हा शब्द गुप्त शब्दांच्या यादीत नव्हता. लाइनीवरचं ओरडणं बंद झालं. टेलिफोनवाली बाई लाइन तोडायची विसरली.

"कापा," बुर्मिस्त्रोव म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तू काय बोललीस?"

"बोलले ते ऐकलंस. पुन्हा म्हणू?"

"नको. नको म्हणू. मी होतो त्या विमानात. स्तेपान म्हणाला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो."

"माहीत आहे मला. म्हणून तुलाच सांगतेय."

"मी जातो," बुर्मिस्त्रोव म्हणाला, आणि लाइन तुटली.

कापा रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. जातो म्हणजे कुठे जातो? गाठोडं काढायला जातो, की कामाला जातो, की नुसताच फोन ठेवतो? सगळेच फोन ठेवताना मी जातो म्हणतात. परत लाइन मागायची सोय नव्हती. वेनिआमिन प्रोखोरोविचने सोड्याचं पाणी एका दमात संपवलं आणि म्हणाला, "हे फोनचं कोणालाच सांगायचं नाही." त्याने खरंच कोणाला सांगितलं नाही, वर कळवलं नाही, कोणावर ठपका ठेवला नाही. तोमाची नोकरी त्या माणसाच्या भित्रेपणामुळे वाचली, याची नोंद करून ठेवायला हवी.

त्यानंतर कापा बसली म्हणून नाही. तिने टेबलं पुसली, पुसलेली परत पुसली. घडीच्या वेळी कापडावर ठेवायच्या शिशाच्या पिशव्या उसवून पुन्हा शिवल्या. घरी गेली तर अर्ध्या वाटेतून परत आली, कारण भिंतीवरचा सरकारी रेडिओ तिच्या घरात नीट लागत नसे. अपशकुन टळावा म्हणून डाव्या खांद्यावरून थुंकून झालं, लाकूड ठोकून झालं. पण तिचं मन म्हणायचं, कापा, शब्द तर तोंडातून गेला. बुर्मिस्त्रोवने गाठोडं काढलं असेल तर शब्द वाया गेला, म्हणजे बरंच झालं. आणि काढलं नसेल तर? मग चोरही त्याच्या पाठीवर आणि शब्दही त्याच्या डोक्यावर. दोन्ही तुझेच.

"मावशी, बसा ना जरा," तोमा म्हणायची.

"तू बस. तुला काय, तुला शब्दच माहीत नव्हता."

"मला शिव्या द्या हवं तर."

"शिव्या देऊन काय होणार आहे? चहा कर."

आणि चहा झाला की ती तो न पिताच उठायची.

बातमी आली तेव्हा सगळ्या टेबलांवर कामं चालू होती. रेडिओने आधी गंभीर संगीत वाजवलं, मग निवेदकाने घसा साफ केला आणि सांगितलं की मेजर अर्सेनी कोल्चिन या क्षणी पृथ्वीभोवती फिरत आहेत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लाफिरा म्हणाली, "अगं, तो काकडीवाला!" आणि मग तिने कापाकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

कापाने टेबलाची कड घट्ट धरली होती. आता नाव होतं, चेहरा होता, मिशीवर पावडर होती. खिडकीपाशी जायची, दारापाशी यायची, रेडिओखाली उभी राहायची. रेडिओ गाणी लावत होता, आणि त्या गाणी लावणाऱ्याचा गळा दाबावा असं तिला मनापासून वाटत होतं.

दुपारनंतर निवेदक पुन्हा आला. मेजर कोल्चिन ठरलेल्या प्रदेशात सुखरूप उतरले आहेत, प्रकृती उत्तम. खोलीत एकच गलका झाला. ग्लाफिराने तोमाचे मुके घेतले, तोमा पुन्हा रडली, आणि कापा होती तिथे जमिनीवर खाली बसली. पाय पसरून, एप्रनमध्ये तोंड घालून. ती रडत असेल असं सगळ्यांना वाटलं. ती झोपली होती.

पण बुर्मिस्त्रोवने गाठोडं बदललं होतं का, हे रेडिओने थोडंच सांगितलं असतं? तिकडून ना फोन, ना चिठी. राखीव छत्री उघडावी लागली का, हेही कळायला मार्ग नव्हता. जे कळत नाही ते कापाला चैन पडू देईना. रात्री दचकून उठायची आणि अंधारात हातांनी दोऱ्या चाचपायची.

सप्टेंबर लागला तेव्हा एक काळी मोटार इमारतीपुढे थांबली. आतून अर्सेनी उतरला. छातीवर वीरपदकाचा सोन्याचा तारा, आणि कुशीत एक भलंमोठं कलिंगड. मागे दोन सूटवाले होते, त्यांना त्याने दारातच उभं केलं.

"इथे बाहेरच्यांना मनाई आहे, साथी," तो म्हणाला. "धूळ चालत नाही."

तो आत आला. मोठ्या छत्र्यांच्या टेबलावरच्या बायका लाजत पुढे झाल्या. त्याने सगळ्यांना लवून नमस्कार केला, पण कलिंगड खाली ठेवलं नाही. ते घेऊन तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला आणि राखीव छत्र्यांच्या टेबलापाशी, कापाच्या पुढ्यात, स्टुलावर ठेवलं.

उडी मारणाऱ्यांत एक रीत होती. मोठी छत्री उघडली तर ते रोजचंच, त्याबद्दल कोणी कोणाला काही देत नाही. पण ज्याला राखीव उघडावी लागली आणि ती उघडली, तो ती बांधणाऱ्या बाईला काहीतरी खायला आणून देतो.

"अरे देवा," ग्लाफिरा पुटपुटली.

"मोठीला काय झालं?" कापाने विचारलं.

"ते सांगायची मला बंदी आहे, मावशी." अर्सेनी हसला. "पण कलिंगड उगाच नाही आणलं."

"आणि बुर्मिस्त्रोव?"

"त्याचं सांगतो. उडण्याच्या आदल्या दिवशी मी तालमीसाठी पोशाख घालून खुर्चीत बसलो होतो. तो आला, धापा टाकत. चाळीस साहेब ओरडत होते, काय चाललंय म्हणून. त्याने कोणाला उत्तर दिलं नाही. स्वतःच्या हातांनी माझ्या खुर्चीचं राखीव गाठोडं सोडवलं, आणि तुमच्याकडून आठवडाभर आधी आलेलं दुसरं बांधलं. मग काढलेलं तिथेच सिमेंटवर उघडलं. आत लाल धागा. साहेब लोकांचं ओरडणं थांबलं."

तोमा भिंतीला चिकटून उभी होती. कापाने तिच्याकडे बघितलं नाही, नुसता हात मागे केला आणि तोमाने तो धरला.

"मी विचारलं, तुला कसं कळलं?" अर्सेनी सांगत होता. "तर म्हणाला, घडी घालणाऱ्या एका बाईने तो शब्द उच्चारला. मी म्हटलं, कोणावर? म्हणाला, तुझ्यावर." त्याने कापाकडे बघितलं. "माझ्या तोंडावर तर हात ठेवला होतात तुम्ही."

"म्हटलं मी," कापा म्हणाली. "दुसरं काही सुचलं नाही. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आता तू दिसलास, बरं वाटलं. पुढची उडी कधी आहे?"

अर्सेनीने तारा चाचपला. "नाही आता उडी."

"म्हणजे?"

"उडू देणार नाहीत मला. वरूनच हुकूम आहे. मी आता जपून ठेवायची वस्तू झालोय. कारखान्यांत जायचं, हात हलवायचा, पोरांनी दिलेली फुलं घ्यायची. विमानाच्या शिडीवरून उतरताना दोन माणसं माझे कोपर धरतात, मावशी. मला! मी अर्ज केले. दोन केले." तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. "तेव्हा ती खरंच शेवटचीच ठरली."

त्याने तो शब्द असा सहज उच्चारला, आणि कोणी त्याच्या हातावर चमचा मारला नाही. कापाच्या काळजात कळ आली. माणूस तिने वाचवला होता हे खरं होतं. पण शब्द आपलं देणं घेऊनच गेला होता, हेही खरं होतं, आणि ते या पोराच्या तोंडावर दिसत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम तिचं डोकं भडकलं.

"बूट काढ," ती म्हणाली.

"काय?"

"बूट काढ म्हणते. त्या टेबलावर बुटांनी चढायची कोणाला परवानगी नाही, तुझ्या ताऱ्यालाही नाही."

"टेबलावर?"

"मग काय छपरावर? ग्लाफिरा, पिशव्या उचल. तोमा, स्टूल दे त्याला. चढ रे."

अर्सेनीने खाली वाकून बुटांचे बंद सोडले. त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो त्या लांबलचक टेबलावर चढला, सरळ उभा राहिला, आणि त्याचं डोकं दिव्याच्या टोपीला टणकन लागलं. बायका खिदळल्या. तो टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेला आणि तिथे थांबला. खाली बघितलं. त्याचा चेहरा आता वेगळाच दिसत होता, वसंतात काकड्या चोरताना दिसायचा तसा.

"गुडघे वाकव," कापा ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "पाय जुळव. मार!"

अर्सेनीने उडी मारली. फळ्यांची सबंध जमीन हादरली, खिडक्या वाजल्या, स्टुलावरचं कलिंगड गडगडत खाली आलं आणि फुटलं. दार धाडकन उघडून वेनिआमिन प्रोखोरोविच पोट धरून आत आला, त्याच्यामागून ते दोन सूटवाले.

"काय पडलं? काय झालं इथे?"

तोमा पुढे झाली.

"काही नाही, वेनिआमिन प्रोखोरोविच," ती म्हणाली. "मेजर साहेबांची कडेची उडी होती."